मुदतवाले नाना

थकलेले पैसे मागायला कोणी दारात आलं की नाना खुलतात. स्वतः उठून खुर्ची पुढे करतात, आत "अगं, दोन चहा" म्हणून आवाज देतात, पंखा दोनावरून चारावर नेतात आणि पाहुण्याचा घाम जरा वाळला की मऊ आवाजात विचारतात, "कधीचे म्हणालात?" पाहुणा साल सांगतो. नाना महिना विचारतात. पाहुणा आठवायला लागतो. चहा संपेपर्यंत नानांचा हिशोब झालेला असतो. मग जिन्यापर्यंत पोचवायला जाताना ते पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवतात. "येत जा हो. पैशाच्या निमित्ताने का होईना, भेट होते."

घेणेकरी गप्प बसला की मात्र नानांना झोप लागत नाही.

हे उलटं वाटेल. बुडवणाऱ्याला मागणारा नकोसा असतो अशी आपली समजूत असते आणि नवख्या बुडव्यांच्या बाबतीत ती खरीही आहे. त्यांना दारावरची बेल वाजली तरी धडकी भरते. नाना त्या वयातून केव्हाच बाहेर पडले. त्यांची देणी जुनी, मुरलेली. "माझं सगळ्यात धाकटं देणं आता शाळेत जातं," असं ते सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात बापाचा अभिमान असतो.

नानांचं पूर्ण नाव इथे दिलेलं नाही, कारण त्यांनीच मनाई केली. छापून आलेलं ते लेखी, आणि लेखी आलं की कबुली झाली. मी म्हटलं, "नाना, सही तुमची लागते ना?" तर म्हणाले, "माझी किंवा मी नेमलेल्या माणसाची. कलम अठरा. तू रोज माझा पेपर वाचायला नेतोस, उद्या कोणी म्हणेल तू माझा माणूस." तेव्हा नुसते नाना. तसंही हा एकच माणूस आहे असं नाही. माझगावात दर दोन-तीन चाळींमागे असा एक सापडतो. कुठे तो अण्णा असतो, कुठे बाबूकाका.

हे पीक आमच्याच भागात का, तर जमीनच तशी आहे. माझगाव म्हटलं की बाहेरच्यांना पाणबुड्या बांधणारी गोदी आठवते. आम्हा राहणाऱ्यांना आधी आठवते वसुली. इथे कोर्ट आहे. कोर्टाबाहेर वकील, नोटरी, टायपिस्ट आणि चेक न वटलेले लोक आहेत. पूर्वीचं विक्रीकर भवन आणि आताचं जीएसटी भवन इथेच आहे. नानांनी आयुष्यात पान-सुपारीचासुद्धा धंदा केला नाही, पण त्या इमारतीवरून जाताना ते पोट आत घेतात. खासगी सावकाराला दावा लावायला तीन वर्षं मिळतात, सरकारला तीस. ज्याच्याकडे तीस वर्षं सवड आहे अशा घेणेकऱ्यासमोर अंग चोरून जावं, असं त्यांचं मत.

नाना बीपीटीत, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टमध्ये, टॅली क्लार्क होते. बोटीतून उतरणारी दुसऱ्यांची खोकी मोजायची, कागदावर खुणा करायच्या आणि त्यातलं एकही आपलं नाही हे लक्षात ठेवायचं, अशी नोकरी. कायद्याची गोडी त्यांना लागली ती एका जामिनकीपायी. एका सहकाऱ्याला पतपेढीच्या कर्जाला ते जामीन राहिले. सहकारी राजीनामा देऊन गावी गेला, तिथे आंब्याची कलमं लावली आणि हप्ते नानांच्या पगारातून कापले जाऊ लागले. वकील परवडेना म्हणून नाना माझगाव कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाजवळ बसायला लागले. सुटका काही झाली नाही, शेवटच्या हप्त्यापर्यंत पैसे कापले गेले. पण त्या बाकड्यावर त्यांच्या हाती मुदत कायदा लागला. 1963 सालचा. त्याची एक पातळशी प्रत त्यांच्याकडे आहे. तिला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलंय आणि वर लेबल लावून विषयाच्या जागी 'मुदत' असं लिहिलंय. नावाची रेघ मात्र कोरी.

कायदा तसा सोपा आहे. हातउसने दिलेल्या पैशाबद्दल तीन वर्षांच्या आत दावा लावायचा. तीन वर्षं उलटली की दावा गेला. ऋणकोने कोर्टात तोंड उघडायचीही गरज नाही, मुदतबाह्य दावा कोर्टाने आपणहून फेटाळायचा असतो. नानांना कायद्यातली ही जागा सर्वांत प्रिय आहे. "गप्प बसून जिंकायची सोय आहे रे," असं ते म्हणतात. यातली मेख मी एकदा दाखवायला गेलो. मुदत संपली की कोर्टाचा दरवाजा बंद होतो, कर्ज संपत नाही. सर्वोच्च न्यायालयानेच तसं म्हणून ठेवलंय. बुडालेलं देणं देणंच राहतं, फक्त ते मागायला कोर्टाचा बेलीफ येत नाही. नाना म्हणाले, "तेच तर. राहतंच ते."

ते असं का म्हणाले हे त्या वेळी मला कळलं नव्हतं.

तर मुदत ताजी कशाने होते? तीन वर्षांच्या आत देणेकऱ्याने सही करून लेखी कबुली दिली, तर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. थोडी रक्कम फेडली आणि त्याची त्याच्या हातची नोंद किंवा सही असली, तरी तेच. या दोन कलमांनी नानांचं उभं आयुष्य घडवलं आहे. ते सही करत नाहीत. कुरियरवाल्याच्या यंत्रावर करत नाहीत, भाडेकरू संघाच्या सभेच्या रजिस्टरात करत नाहीत, मयताच्या घरी ठेवलेल्या वहीतसुद्धा काकूंचं नाव लिहून येतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निळ्या खुणा त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करून घेतल्या. शुभ सकाळला ते उत्तर देत नाहीत. पाठवणारा घेणेकरी असला, आणि त्याने वर कुठे पैशाचा विषय काढून ठेवलेला असला, तर खालच्या हात जोडलेल्या चित्राचा अर्थ कोर्ट काय लावेल, सांगता येत नाही. आणि थोडे थोडे करून तरी द्या, असं कोणी सुचवलं की त्यांना मनापासून वाईट वाटतं. "दहा रुपये द्यायला माझी ना नाही. पण मुदत ताजी होते ना!" माणसाला न देण्याचं इतकं शुद्ध कारण क्वचितच सापडत असेल.

या विषयावर नानांना इतिहासही पाठ आहे. 1859 च्या कायद्याने साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत आली, ती शेतकऱ्याच्या भल्यासाठी. सावकाराने त्यावर तोड काढली. दर तीन वर्षं व्हायच्या आत कुळाला बोलवायचं, मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घ्यायचा आणि अंगठा उठवायचा. कायदा कुळाचा, उपयोग सावकाराचा. 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात पेटलं आणि पुणे-नगर भागातल्या गावागावांत लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे बाहेर काढून जाळले. 1879 चा कायदा आला तो त्यानंतर, आणि त्याने मुदत उलट वाढवली. हे सगळं सांगून झाल्यावर नाना हळहळतात, पण त्यांची हळहळ वेगळी असते. "अंगठे उठवायला नको होते. बाकी काही केलं नसतं तरी चाललं असतं."

एखाद्या देण्याची तीन वर्षं पुरी झाली की त्या संध्याकाळी नाना पाव किलो पेढे आणतात. आम्हा शेजाऱ्यांना ते मिळतात, आणि कशाचे हे विचारायचं नसतं. एकदा मात्र घोटाळा झाला. एका शिंप्याचे सफारीच्या शिलाईचे पैसे होते. तिसरं वर्ष संपलं ते ऐन दिवाळीत. नानांनी फराळाबरोबर पेढे वाटले, आणि भाऊबिजेला टायपिस्ट भेटला. तो म्हणाला, "नाना, घाई केलीत. मुदत सुट्टीत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा लावता येतो. कलम चार." नानांनी ती उरलेली दिवाळी कशी काढली ते काकूंनाच विचारावं. चकलीचा घास घशात अडकत होता म्हणे. कोर्ट उघडलं त्या दिवशी ते सकाळीच धोबीतलावच्या स्मॉल कॉज कोर्टात जाऊन दावे दाखल करायच्या खिडकीसमोर उभे राहिले. दुपारी खिडकी बंद होईपर्यंत शिंपी आला नाही. संध्याकाळी परतताना ते मुद्दाम त्याच्या दुकानावरून आले. शिंपी काजं-बटणं करत होता. त्याने मान वर करून विचारलं, "काय नाना, बरे आहात ना? वजन कमी झालंय तुमचं."

घरी येऊन नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "विसरला असेल का रे तो?"

करोनाच्या काळात तर त्यांच्यावर फार मोठा अन्याय झाला. बाहेर माणसं मरत होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 पासून मुदतीचं घड्याळच थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं 1 मार्च 2022 ला. मधले जवळजवळ साडेतेवीस महिने मुदतीत धरायचे नाहीत, असा निर्णय. जानेवारी 2022 मध्ये हे कळलं तेव्हा नाना गॅलरीत मास्क लावून उभे होते. मास्कच्या आतून ते जे बोलले ते ऐकू आलं नाही, बरंच झालं. ज्या देण्याचे पेढे त्यांनी 2021 मध्ये मनातल्या मनात वाटले होते, ते पुन्हा जिवंत झालं होतं.

आता नानांची रोजची वाट. डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरलेला माणूस सरळ रस्त्याने घरी येतो. नाना आधी भंडारवाड्याची टेकडी चढतात. वर पालिकेचा जलाशय आहे आणि त्यावर बाग. टिळकांचे वकीलमित्र आणि 1925 साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष (आजच्या भाषेत महापौर) झालेले जोसेफ बाप्टिस्टा, त्यांचं नाव बागेला दिलेलं आहे. वरून गोदी, बोटी आणि खाडीपलीकडचे डोंगर दिसतात. नाना ते बघत नाहीत. ते दुसऱ्या बाजूने खाली उतरून म्हातारपाखाडीच्या लाकडी गॅलऱ्यांच्या घरांमधून, क्रॉसला नकळत हात जोडत, गल्लीबोळांतून घर गाठतात. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागतो. हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांची पट्टी बघून विचारलं होतं, "रोज चढ चढता का?" नाना हो म्हणाले. चढ कोणी लावला हे सांगितलं नाही. तो लावला होता एका वाण्याने, एका वखारवाल्याने आणि एका इस्त्रीवाल्याने.

यातला वखारवाला केव्हाच वारला. इस्त्रीवाला गावी गेला. उरला वाणी, आणि त्याची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण ते देणं नानांचं नव्हतंच.

नानांचे वडील भायखळ्याच्या खटाव मिलमध्ये होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले. महिन्यात मिटेल म्हणून कोपऱ्यावरच्या कच्छी शेठने सगळ्या चाळीची खाती चालू ठेवली. तांदूळ, रॉकेल, गोडेतेल, विडीकाडी. लाल कापडाच्या वहीत नाव लिहायचं आणि पुडी द्यायची. संप मिटेना. तो अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, असं जुने कामगार अजून सांगतात. त्या हिशोबाने शेठचं खातंही अजून चालूच म्हणायचं. पुढे शेठने एकेकाचं खातं आखडतं घेतलं, पण नानांच्या घरी तांदूळ येत राहिले. वडिलांची एकच खंत होती. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी दंडुका घेऊन उभा राहणारा पठाण बरा, असं ते म्हणत. त्याचं व्याज फाडून खाणारं होतं, पण तो मागायचा तरी. शेठ मागेना. वडील गेले, मिल बंद पडली, शेठच्या पोरांनी दुकान विकलं आणि सगळे मुलुंडला गेले. वही कुठे गेली कोणाला माहीत नाही. दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकणारा एक पोरगा बसतो.

नाना अजूनही तिथे फुटपाथ बदलतात. त्या पोराला वाटतं, या आजोबांचा मोबाइलवर राग आहे.

मी एकदा म्हणालो, "नाना, बापाचं देणं मुलाच्या डोक्यावर नसतं आता." ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. हिंदू मुलाने बापाचं कर्ज फेडावं हे पुत्रधर्माचं बंधन 2005 च्या दुरुस्तीने गेलं, पण त्याआधीच्या कर्जांना दुरुस्ती लागू नाही. मी म्हटलं, "म्हणजे अडकलात?" "छे! 1982 ची मुदत 1985 ला गेली." "मग रस्ता का ओलांडता?" तेव्हा ते म्हणाले, "उन्हाची बाजू आहे ती." संध्याकाळचे सात वाजले होते.

सगळंच इतकं करुण नाही. नानांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ क्रेडिट कार्डाने आणला. नव्या शतकाच्या सुरुवातीला गळ्यात टाय बांधलेली पोरं गोदीच्या फाटकाबाहेर टेबल मांडून बसत आणि फॉर्मवर सही घेत. जामिनकीनंतर कर्जाच्या कागदावर नानांनी सही केली ती ही एकच, आणि अजून हळहळतात. कार्डावर फ्रीज आला, शिर्डी झाली, काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या घरात. 2008 च्या सुमाराला नानांनी भरणं थांबवलं. बँकेने दोन वर्षं फोन केले आणि एक दिवस तेही थांबले. आठवडा गेला, महिना गेला. नाना फोनची वायर हलवून बघायला लागले. शेवटी न राहवून ते शाखेत जाऊन आले. शाखेच्या जागी दागिन्यांचं दुकान होतं, आणि बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, "गेली बिचारी."

आणि मग काही वर्षांनी अचानक फोन आला. एका असेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीचा. दारूखान्यात जुनं जहाज तोडून त्याचा पत्रा किलोवर विकतात, तशी बँका बुडीत कर्जं गठ्ठ्याने या कंपन्यांना विकतात. नानांना हे समजलं तेव्हा ते आख्ख्या मजल्यावर सांगत फिरले, "माझं कर्ज विकत घेतलं! रोख पैसे मोजून!" त्यांच्या बोलण्यावरून एखाद्याला वाटलं असतं, मुलीला चांगलं स्थळ आलंय.

फोनवर एक तरुण मुलगा होता. नानांच्या घरची दारं उघडीच असतात, त्यामुळे पहिला संवाद आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"सर, आप का बकाया है."

"किस का?"

"आप का, सर."

"मैं कौन?"

पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "सर, टोटल दो लाख चौदह हजार होता है."

"और मुद्दल?"

"जी?"

"मूल रकम, बेटा. कितनी थी?"

"बावन हजार, सर."

मग नानांनी त्याला दामदुप्पट समजावली. मुंबईत चालत आलेला हा जुना हिंदू नियम असा की, एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. तो बँकेच्या कार्डाला लागू होतो का, हा वेगळा वाद आहे, पण पोराने असं काही जन्मात ऐकलं नव्हतं. त्याने साहेबांना विचारून सांगतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तो संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी. नाना म्हणाले, "सात बज गये. रिझर्व्ह बँक का नियम है. कल सुबह आठ के बाद करो." सकाळी आठ वाजता नाना दाढी करून फोनपाशी बसले होते.

हे तीन-चार महिने चाललं. नानांनी कशालाही हो म्हटलं नाही, पण पोराचं गाव, त्याच्या बहिणीचं लग्न, त्याने हप्त्यावर घेतलेला फोन, सगळं त्यांना कळलं. दोन हप्ते चुकले म्हणून त्याच्याच मागे दुसऱ्या कंपनीतला एक पोरगा लागला होता. नानांनी त्याला कलम अठरा सांगितलं. आणि एक दिवस पोराने फार मोठी चूक केली. तो म्हणाला, "सर, साहेबांनी खास ऑफर दिली आहे. पंधरा हजारात सगळं क्लोज."

नाना उभे राहिले. "पंद्रह हजार? दो लाख चौदह हजार का पंद्रह हजार? इतनी ही कीमत है हमारी?" आणि फोन आपटला. त्या रात्री ते जेवले नाहीत. काकू म्हणाल्या, "अहो, स्वस्तात सुटत होतात की!" नाना म्हणाले, "तुला नाही कळायचं. पत काढली त्याने माझी." पुढे पोराने ती नोकरी सोडली. आता कधी फोन आलाच तर यंत्राचा येतो, आणि यंत्राला नाना 'मैं कौन' विचारत नाहीत.

हे सगळं सांगितलं ते बापूंपाशी यायला.

बापू म्हणजे नानांचे गोदीतले जोडीदार. घोडपदेवला राहतात. 1998 साली नानांच्या थोरलीचं लग्न ठरलं, हॉलवाल्याने आगाऊ पैसे मागितले, आणि बापूंनी आपल्या फंडातले 25 हजार काढून आणून दिले. कागद नाही, तारीख नाही, साक्षीदार नाही. म्हणाले, "होतील तेव्हा दे." त्यानंतर बापूंनी त्या पैशांचं नाव काढलेलं नाही. मुदत 2001 ला संपली. त्या दिवशी पेढे आले नाहीत हे आमच्या लक्षात आहे.

बापू मागत नाहीत, आणि त्यांचं ते न मागणं नानांना सहन होत नाही. बाकीचे घेणेकरी विसरले, गेले, विकले गेले. बापू दर रविवारी बाप्टिस्टा बागेत बाकावर बसून असतात, नानांसाठी जागा धरून. गुडघ्यावर बोलतात, बोंबलाच्या भावावर बोलतात, पेन्शनवर बोलतात. नाना विषय जवळ आणून ठेवतात.

"बापू, 98 साल आठवतं का रे?"

"न आठवायला काय झालं? तुझ्या थोरलीचं लग्न."

"हां. हॉलवाला फार अडून बसला होता."

"जेवण मात्र छान झालं होतं. जिलबी कुठून आणली होतीस?"

जिलबीपुढे नानांना जाता येत नाही. काकूंनी कैकदा सांगून पाहिलं की पेन्शन आहे, ठेव आहे, जाऊन हातात ठेवा. त्यावर नानांचं उत्तर ठरलेलं. "न मागता दिले, तर त्याला कळेल ना, इतकी वर्षं मी विसरलो नव्हतो!"

गेल्या वर्षी बापूंना हॉस्पिटलात ठेवलं होतं. तसं किरकोळच होतं. नाना तीन रात्री बाकड्यावर झोपले. बापू घरी परतले त्याच आठवड्यात नाना कोर्टाबाहेर टायपिस्टाकडे गेले. मी बरोबर होतो. त्यांनी टायपिस्टाला विचारलं, "मेलेलं देणं जिवंत करता येतं ना?" टायपिस्टाने चष्मा कपाळावर सरकवला. येतं. 1872 चा करार कायदा, कलम पंचवीस. मुदत गेलेलं कर्ज फेडीन असं देणेकऱ्याने लिहून सही केली, तर ते वचन त्याच्यावर बंधनकारक होतं. "पण नाना, असं आजवर कोणी स्वतःहून करून घ्यायला आलेलं नाही माझ्याकडे." नाना म्हणाले, "टाइप कर."

कागद तयार झाला. बापूंचं नाव, 25 हजार, 1998, आणि मागाल तेव्हा देईन. खाली एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. नानांनी पेन घेतलं. पहिल्यांदा तिकिटावर नुसतं टेकवलं आणि उचललं. मग म्हणाले, "सही कशी करायचो मी?" आणि पेन्शनच्या पुस्तकातली सही बघून हुबेहूब केली.

रविवारी त्यांनी तो कागद बापूंच्या हातात दिला. बापूंनी सावकाश वाचला, घडी केली आणि शर्टाच्या खिशात चष्म्याच्या मागे ठेवला. मग म्हणाले, "आज सुरमईचा भाव बघितलास?"

तेव्हापासून नाना रोज कॅलेंडर बघतात. तीन वर्षं कधी पुरी होणार ते त्यांनी पानामागे लिहून ठेवलंय. मला जिन्यात गाठून ते सांगत असतात, "बापू भेटला तर बजाव त्याला. मुदतीत माग म्हणावं. मागाहून माझ्याकडे येऊन उपयोग नाही. कायदा कोणासाठी थांबत नाही."

परवा बापू मला बाजारात भेटले. ओले बोंबील निवडत होते. मी निरोप दिला. त्यांनी एक बोंबील शेपटीला धरून उचलला, वास घेतला आणि टोपलीत परत टाकला. "त्याला सांग, कागद जपून ठेवलाय. मुदत संपली की आणून देतो."

मी ते जसंच्या तसं नानांना सांगितलं. त्यांनी खाकी कव्हरातलं पुस्तक काढलं, बोट लावून वाचलं आणि मान हलवली. "असं होय? मग मुदत संपायच्या आत नवी कबुली द्यावी लागेल. कलम अठरा. परत तीन वर्षं मिळतात." चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "टायपिस्ट शनिवारी असतो का रे?"